सेंट पॉल कॉलेजातील जपानी विद्यार्थी
(मंडळाच्या विद्यार्थी गुणगौरव कार्यक्रमात, नसरापूर येथे दिलेले भाषण)



मी काही प्राध्यापक नव्हे. कला शाखेची पदवी घेतली आणि बँकेत कारकून म्हणून लागलो. वाचनाची आवड मात्र सुटली नाही. म्हणून कार्यकर्त्यांनी "विद्यार्थ्यांना दोन शब्द सांगा" असे म्हटले तेव्हा, परीक्षेत यश कसे मिळवावे यावर बोलण्यापेक्षा वाचनात आलेली एका विद्यार्थ्याची हकिकत सांगावी असे मी ठरविले.

त्याला कारणही आहे. दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्तीतील दोन-चार पालक हमखास विचारतात, "मुलाला पुण्याच्या ख्रिश्चन लोकांच्या कॉलेजात घालू का? शिस्त चांगली असते म्हणतात. पण तिकडे जाऊन मुलगा आपला धम्म विसरायचा नाही ना?" यावर आपल्यात दोन तट पडतात. एक म्हणतो, शिक्षण घ्यायचे, धर्माशी काय करायचे? दुसरा म्हणतो, ज्याच्या घरी जेवतो त्याचेच गुण गातो.

आपल्या नसरापूरला मिशन हा शब्द नवा नाही. १८९३ साली निघालेल्या पूना अँड इंडियन व्हिलेज मिशनचे ठाणे आपल्याच गावात होते. ती मंडळी प्रॉटेस्टंट पंथाची. मी आज सांगणार आहे ते कॉलेज कॅथलिकांचे, म्हणजे रोमच्या पोपला मानणाऱ्यांचे. ते होते गोव्यात, आणि काळ आहे पावणेपाचशे वर्षांपूर्वीचा. तेथे बौद्ध देशातून आलेला एक विद्यार्थी शिकला. त्याचे काय झाले ते ऐकले म्हणजे पालकांच्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला आपणच देता येईल.

गोवा १५१० साली पोर्तुगीजांच्या हाती गेले. १५४१ साली तेथील काही पाद्र्यांनी एक विद्यालय काढले. त्याला आधी सांता फे, म्हणजे पवित्र श्रद्धेचे विद्यालय, असे नाव होते. पुढे ते सेंट पॉल कॉलेज या नावाने प्रसिद्ध झाले. खर्चाची तजवीज कशी केली? तिसवाडीतील देवळे पाडली होती, त्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न या कॉलेजला लावून दिले. ही गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही. ज्ञानाचे ते घर दुसऱ्याच्या पाडलेल्या घराच्या उत्पन्नावर उभे होते.

पुढल्या वर्षी, १५४२ च्या मे महिन्यात, फ्रान्सिस झेवियर गोव्यात आले. ते जेझुइट संघाचे. हळूहळू हे कॉलेज त्या संघाच्या ताब्यात आले. विद्यार्थी किती, तर साठाच्या आसपास. आजच्या एका तुकडीएवढे हे कॉलेज! पण मुले कोठकोठली? गोव्याची, मलबारची, शिवाय आफ्रिकेतील आणि पूर्वेकडील बेटांवरची. लॅटिन आणि ख्रिस्ती धर्मशास्त्र शिकवून ह्या मुलांना आपापल्या देशात धर्मप्रसारासाठी पाठवायचे हा उद्देश होता. तो उद्देश त्यांनी लपविला नव्हता. ह्याच कॉलेजात १५५६ साली छापखाना बसविला. भारतातील तो पहिला छापखाना. म्हणजे आज आपण जी स्मरणिका छापतो, त्या कलेने ह्या देशात पहिले पाऊल टाकले ते ह्या लहानशा कॉलेजात.

आता आपल्या विद्यार्थ्याकडे येऊ. त्याचे नाव आन्जिरो. जपानच्या दक्षिणेस सात्सुमा प्रांत आहे, त्यातील कागोशिमा गावचा तो राहणारा. त्याच्या हातून तेथे एक खून झाला. पाठलाग चुकविण्यासाठी त्याने एका बौद्ध मठात आश्रय घेतला आणि नंतर पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या जहाजावर चढून देश सोडला. म्हणजे हा काही गुणवत्ता यादीतला विद्यार्थी नव्हता. वय पस्तिशीचे, मन अस्वस्थ, आणि मनाला शांती कोठे मिळेल ह्याच्या शोधात तो होता. व्यापाऱ्यांनी त्याला झेवियर यांचे नाव सांगितले. डिसेंबर १५४७ मध्ये मलाक्का येथे दोघांची भेट झाली.

झेवियर यांनी त्याला विचारले, मी तुझ्या देशात गेलो तर तेथील लोक ख्रिस्ती होतील का? आन्जिरोने जे उत्तर दिले ते झेवियर यांनी आपल्या पत्रात लिहून ठेवले आहे. त्याचा आशय असा: लोक लगेच होणार नाहीत. आधी ते पुष्कळ प्रश्न विचारतील. तुम्ही काय उत्तर देता, तुम्हाला कितपत कळते ते पाहतील. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तुमचे वागणे तुमच्या बोलण्याशी जुळते का हे पाहतील. मग सहा महिन्यांनी काय ते ठरवतील.

मित्रांनो, हे उत्तर ऐकून आपल्याला कालाम सुत्ताची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. कोणी सांगितले म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले. आन्जिरोने कालाम सुत्त वाचले असेल असे नाही. पण ज्या समाजात तो वाढला त्या समाजाची ही सवय त्याच्या अंगी होती. धम्म असाही टिकतो. पोथी माहीत नसली तरी सवयीतून टिकतो.

१५४८ च्या मार्च महिन्यात तो गोव्यास आला. बरोबर आणखी दोन जपानी होते, त्यांतील एक त्याचा नोकर. त्याच वर्षी मे महिन्यात गोव्याच्या बिशपने तिघांना बाप्तिस्मा दिला. आन्जिरोचे नाव पावलो दे सांता फे, म्हणजे कॉलेजच्याच नावावरून, आणि दुसऱ्या दोघांची अंतोनियो व जुआंव अशी नावे ठेवली गेली. आपल्या आजोबा-पणजोबांना गावकी बदलता येत नव्हती, आडनाव बदलले तरी लोक जुनेच नाव घेत. येथे तर तीन माणसांची नावे एका दिवसात बदलली.

शिकवायला होते कोस्मे दे तोरेस नावाचे स्पॅनिश पाद्री. आन्जिरो हुशार निघाला. सात-आठ महिन्यांत तो पोर्तुगीज लिहा-वाचायला शिकला. तोरेस यांनी मॅथ्यूचे शुभवर्तमान त्याला दोनदा समजावून सांगितले, आणि ते त्याने पहिल्यापासून शेवटच्या अध्यायापर्यंत पाठ केले. २९ नोव्हेंबर १५४८ रोजी त्याने रोमला, जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांना स्वतः पत्र लिहिले. ते पत्र आजही उपलब्ध आहे. आठ महिन्यांपूर्वी ज्याला अक्षर माहीत नव्हते, त्याने परक्या भाषेत लिहिलेले ते पत्र आहे. इंग्रजीच्या भीतीने बारावीनंतर घरी बसणाऱ्या आपल्या मुलांनी हे ध्यानात घ्यावे.

आणखी एक गोष्ट झेवियर यांनीच लिहिली आहे. जपानी लिपी वरून खाली लिहितात. झेवियर यांनी विचारले, तुम्ही आमच्यासारखे का लिहीत नाही? आन्जिरो म्हणाला, तुम्हीच आमच्यासारखे का लिहीत नाही? माणसाचे डोके वर असते आणि पाय खाली असतात, तेव्हा लिहितानाही वरून खालीच लिहावे. विद्यार्थी परका, कॉलेज परके, धर्मही त्याने स्वीकारलेला. तरी आपल्या लिपीच्या बाबतीत तो खाली मान घालून बसला नाही. आणि झेवियर यांनीही त्याला उद्धट ठरविले नाही, ते उत्तर कौतुकाने कळविले. गुरू-शिष्यात असे बोलणे व्हावयास हवे.

आता मुख्य गोष्ट. कॉलेजचे प्रमुख होते निकोलो लान्चिलोत्तो नावाचे इटालियन पाद्री. त्यांनी आन्जिरोला समोर बसवून त्याच्या देशाची, राजाची आणि धर्माची माहिती विचारली व १५४८ साली तिचे टिपण करून युरोपला पाठविले. त्यात 'शाका' नावाच्या पुरुषाची कथा आहे. शाका म्हणजे शाक्यमुनी. त्याच्या बापाचे नाव त्यात 'जोबोन दायओ' असे काहीसे येते आणि आईचे 'मागाबोनिन'. जपानी भाषेत 'जोबोन' म्हणजे शुद्ध भात. आपल्या लक्षात आलेच असेल. ओदन म्हणजे भात. शुद्ध ओदन, शुद्धोदन! आणि मागाबोनिन म्हणजे राणी माया. कपिलवस्तूच्या राजाचे नाव चीनमध्ये भाषांतरित झाले, तेथून जपानला गेले आणि दोन हजार वर्षांनी एका परागंदा माणसाच्या तोंडून गोव्याच्या किनाऱ्यावर परत आले.

पण ते कोणी ओळखले नाही. आन्जिरोने सांगितले की हा धर्म 'तेन्जिकु' नावाच्या देशातून आला. तेन्जिकु हे जपानी लोकांचे भारताचे नाव. परंतु टिपणात असे लिहिले गेले की हा देश चीनच्याही पलीकडे कोठेतरी आहे. बंधूंनो, विचार करा. सांगणारा भारतात बसलेला, लिहिणारा भारतात बसलेला, आणि बुद्धाचा देश कोठे आहे ह्याचा पत्ता दोघांनाही नाही. त्या वेळी साष्टी बेट पोर्तुगीजांच्याच ताब्यात होते आणि त्या बेटावर कान्हेरीची लेणी उभी होती. पण लेण्यांतील लेख वाचणारा कोणी उरला नव्हता. ब्राह्मी लिपीचा उलगडा जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ साली केला. वसईजवळच्या सोपाऱ्याचा स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली उकरून काढला. आपल्याच जमिनीखाली आपला ठेवा होता आणि त्याची दाद नव्हती. घरच्या लोकांनी आठवण पुसली की पाहुण्याने सांगूनही ओळख पटत नाही.

त्याच टिपणात शाकाने दिलेल्या पाच आज्ञा आहेत. पहिली, हत्या करू नये. दुसरी, चोरी करू नये. तिसरी, व्यभिचार करू नये. येथपर्यंत ठीक. चौथी काय, तर ज्यावर उपाय नाही त्याचे दुःख करू नये. आणि पाचवी, अपराध्याला क्षमा करावी.

येथे बसलेल्या लहान मुलानेही आता मान हलविली असेल. आपण दररोज पंचशील म्हणतो. चौथे शील खोटे न बोलण्याचे आणि पाचवे मादक पदार्थ न घेण्याचे. मग ती दोन शीले गेली कोठे?

ह्याचा दोष आन्जिरोला देऊन चालणार नाही. लान्चिलोत्तो यांनी स्वतःच नमूद केले आहे की हा मनुष्य शास्त्र शिकलेला नाही; तेथील धर्मग्रंथ वेगळ्या विद्वानांच्या भाषेत आहेत, त्या भाषेचे त्याला ज्ञान नाही. म्हणजे आपल्याकडे पूर्वी जशी संस्कृत, तशी तेथे चिनी. सामान्य माणसाला भिक्षू जेवढे सांगतील तेवढेच कळायचे. त्यात तो जपानीत विचार करणार, नव्या शिकलेल्या पोर्तुगीजमध्ये बोलणार, आणि ऐकणारा इटालियन माणूस आपल्या धर्माच्या चौकटीत बसेल तसे लिहिणार. बँकेत चेकवर रक्कम आकड्यांत लिहावी लागते आणि अक्षरांतही लिहावी लागते. दोहोंत फरक दिसला की आम्ही चेक परत करतो. येथे ताडून पाहायला दुसरी बाजूच नव्हती. त्यामुळे तो चेक तसाच वटला आणि बुद्धाविषयीची ती माहिती पुढे युरोपात छापलीही गेली.

ह्या गोंधळाचा दुसरा अंक जपानात झाला. १५४९ च्या एप्रिलमध्ये झेवियर, तोरेस, जुआंव फर्नांडिस आणि तिघे जपानी गोव्याहून निघाले व १५ ऑगस्ट १५४९ रोजी कागोशिमास पोहोचले. दुभाषी अर्थात आन्जिरो. ईश्वर ह्या शब्दासाठी त्याने 'दाइनिची' हा शब्द योजला. दाइनिची म्हणजे महासूर्य, महावैरोचन बुद्ध. तेथील शिंगोन ह्या बौद्ध पंथाचे ते सर्वश्रेष्ठ बुद्धरूप. झेवियर रस्त्यात उभे राहून दाइनिचीची भक्ती करा असे सांगू लागले, तेव्हा त्या पंथाच्या भिक्षूंना आनंदच झाला. तुमचे आमचे एकच आहे असे ते म्हणू लागले. १५५१ साली यामागुची येथे झेवियर यांनी त्या भिक्षूंना खोलात जाऊन प्रश्न विचारले, तेव्हा दोन्ही गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे हे त्यांना उमगले. मग त्यांनी तो शब्द टाकला आणि 'देउस' हा मूळ लॅटिन शब्दच वापरायला सुरुवात केली. दोन वर्षे एक मनुष्य एक सांगत होता आणि लोक दुसरेच ऐकत होते.

यामागुचीस तोरेस आणि बौद्ध भिक्षू यांच्यात दिवसचे दिवस चर्चा झाल्या. आत्मा म्हणजे काय, सृष्टी कोणी निर्माण केली, निर्माण करणारा चांगला तर वाईट कोठून आले, असे बिनतोड प्रश्न जपानी लोकांनी विचारले. आन्जिरोने मलाक्कात जे सांगितले होते ते तंतोतंत खरे ठरले. स्वतः आन्जिरो मात्र पुढे इतिहासातून नाहीसा होतो. चीनच्या किनाऱ्यावर चाचेगिरीत तो मारला गेला असे जुने लेखक सांगतात.

आता त्याच्या मागे कॉलेजात राहिलेल्या देशी मुलांचे काय झाले तेही ऐका. १५४८ च्या ऑक्टोबरात अंतोनियो गोमिश नावाचे नवे प्रमुख पोर्तुगालहून आले. त्यांनी पोर्तुगालच्या विद्यापीठातील शिस्त येथील मुलांवर जशीच्या तशी लादली. झेवियर जपानात असताना त्यांनी देशी मुलांना कॉलेजातून काढून टाकले आणि त्या जागी पोर्तुगीजांची मुले घेतली. ज्यांच्यासाठी कॉलेज निघाले तेच बाहेर! १५५२ च्या आरंभी झेवियर परत आले. त्यांनी देशी मुलांना पुन्हा प्रवेश दिला आणि गोमिश यांना त्या जागेवरून दूर केले. वाईट करणाराही त्याच संघातला होता आणि ते सुधारणाराही त्याच संघातला होता. संस्थेला एकच एक रंग देऊ नये, तेथे बसलेला माणूस कोण आहे ते पाहावे, हे ह्यावरून दिसते.

परंतु ह्याच गोव्यात पुढे जे घडले ते बौद्ध माणसाला विसरता येणार नाही. १५६० साली पोर्तुगीज व्हाइसरॉय कोन्स्तान्तिनो दि ब्रागांसा याने श्रीलंकेत जाफन्यावर स्वारी केली. तेथे बुद्धाचा म्हणून पूजला जाणारा एक दंतधातू त्याच्या हाती लागला. ब्रह्मदेशातील पेगूच्या राजाने तो परत मिळावा म्हणून प्रचंड रक्कम देऊ केली. पण आर्चबिशपच्या आग्रहामुळे तो नाकारण्यात आला. पोर्तुगीज इतिहासकार दियोगो दो कोउतो याने लिहिले आहे की तो दात गोव्यात सर्वांसमक्ष खलात कुटला, जाळला आणि राख नदीत टाकली. खरा दंतधातू सुरक्षित राहिला अशी श्रीलंकेतील लोकांची श्रद्धा असून कँडी येथे आजही त्याची पूजा होते. पण मुद्दा तो नाही. ज्या शहरात बारा-तेरा वर्षांपूर्वी एका पाद्र्याने शुद्धोदनाच्या पुत्राची कथा कुतूहलाने लिहून घेतली, त्याच शहरात त्या पुत्राच्या नावाची वस्तू खलात कुटली गेली.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी अर्धेच सांगितले असे होईल. आपल्या वसईचा गोन्सालो गार्सिया नावाचा मुलगा जेझुइटांच्या हाताखाली शिकला, लहान वयातच जपानला गेला आणि तेथील भाषा उत्तम शिकला. पुढे तो फ्रान्सिस्कन संघात गेला आणि जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या दरबारी दुभाष्या झाला. त्याच हिदेयोशीने ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीस सव्वीस ख्रिस्ती लोकांना क्रुसावर चढविले, त्यांत गोन्सालो होता. १८६२ साली रोमने त्याला संतपद दिले. वसईत १९८४ साली निघालेल्या महाविद्यालयाला त्याचेच नाव आहे. म्हणजे अन्याय करण्याचा मक्ता कोणा एका धर्माकडे नाही. हातात तलवार आली आणि धर्म तिच्या बाजूला उभा राहिला की असे घडते.

बँकेच्या एल.एफ.सी.वर मी कुटुंबासह गोव्याला गेलो होतो. लोक जुन्या गोव्यात झेवियर यांचे शव ठेवले आहे ते चर्च पाहतात आणि परततात. तेथून जवळच रस्त्याच्या कडेला सेंट पॉल कॉलेजची फक्त एक दगडी कमान उभी आहे. बाकी काही शिल्लक नाही. तिच्यापुढे गर्दी नव्हती. मला वाटले, शाक्यमुनीची गोष्ट येथे सांगितली गेली, ह्याची नोंद निदान आपण तरी ठेवावी. आज ती स्मरणिकेत छापली जाईल.

आता आजचे पाहू. आन्जिरोला त्या कॉलेजात बाप्तिस्म्याविना शिकता आले असते असे वाटत नाही. आपल्या मुलांची स्थिती तशी नाही, आणि ती तशी नाही ह्याचे श्रेय परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील समितीने तयार केलेल्या संविधानाला आहे. संविधानाच्या कलम २८ च्या तिसऱ्या उपकलमाप्रमाणे, सरकारची मान्यता किंवा अनुदान असलेल्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत विद्यार्थ्याला त्याच्या संमतीवाचून, आणि तो अज्ञान असेल तर पालकाच्या संमतीवाचून, धार्मिक शिक्षणास किंवा प्रार्थनेस बसण्याची सक्ती करता येत नाही. हे कलम प्रत्येक पालकाने पाठ करावे. कलम ३० प्रमाणे अल्पसंख्याकांना आपल्या संस्था काढून चालविण्याचा हक्क आहे. १९९३ पासून बौद्धांचीही गणना राष्ट्रीय पातळीवरील अल्पसंख्याकांत होते, तेव्हा तो हक्क आपलाही आहे.

एक व्यवहाराची गोष्ट. कलम १५(५) मध्ये प्रवेशातील राखीव जागांची जी तरतूद आहे, तीतून अल्पसंख्याकांच्या संस्था वगळल्या आहेत. म्हणून अशा कॉलेजात अर्ज करण्यापूर्वी माहितीपुस्तिका नीट वाचावी, राखीव जागा आहेत किंवा नाहीत हे कार्यालयात विचारावे, आणि दुसऱ्या कॉलेजाचा अर्जही भरून ठेवावा. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती मिळाल्या, त्यासाठी लागणारा दाखला वेळेवर काढून ठेवावा. शेवटच्या दिवशी सेतू कार्यालयात धावपळ नको.

बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, कॉलेज काढले. पुढे त्याला मिलिंद हे नाव दिले. मिलिंद कोण? ग्रीक राजा, परक्या वंशाचा. त्याने भिक्खू नागसेनाला प्रश्नांमागून प्रश्न विचारले. चर्चेपूर्वी नागसेनाने त्याला बजावले होते की विद्वान जशी चर्चा करतात तशी करणार असाल तर मी बोलेन. राजे जशी करतात तशी करणार असाल तर नाही. कारण विद्वान हरला तर रागावत नाही, राजा मात्र विरोध करणाऱ्याला शिक्षा देतो.

सेंट पॉल कॉलेजची सारी कथा ह्या एका वाक्यात बसते. लान्चिलोत्तो आन्जिरोला विचारत होते, झेवियर त्याच्याशी लिपीवरून वाद घालत होते, तोरेस भिक्षूंशी यामागुचीस चर्चा करीत होते, तोवर ते विद्वानांचे बोलणे होते. त्यातून चुका झाल्या, पण त्या चुका प्रश्न विचारूनच दुरुस्त झाल्या. देशी मुलांना हाकलले, दात खलात घातला, ते राजांचे बोलणे. ती चूक कोणत्याही प्रश्नाने भरून येत नाही.

म्हणून पालकांना माझे सांगणे आहे की मुलांना चांगल्या कॉलेजात अवश्य घाला, ते कोणाचेही असो. तेथे विद्वानांचे बोलणे चालते की राजांचे, एवढे पाहा. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला दोन गोष्टी सांगतो. पहिली, जाताना आपला धम्म आपल्या शब्दांत समजून घेऊन जा. "बुद्ध अँड हिज धम्म" घरात नुसता पूजेत ठेवू नका, वाचा. कॉलेजात कोणी तुम्हाला विचारील, तुमचे पंचशील म्हणजे काय? तेव्हा चौथे आणि पाचवे शील तुम्हाला बरोबर सांगता आले पाहिजे. तुम्ही चुकीचे सांगितले तर ऐकणारा तेच खरे धरून पुढे सांगेल, आणि तो चेक परत आणायला कोणी जाणार नाही. दुसरी गोष्ट, त्यांच्याविषयीही त्यांनाच विचारा. बायबल काय म्हणते, येशू कोण होते, हे त्यांच्या तोंडून ऐका, ऐकीव गोष्टींवर मत बनवू नका. आपल्याविषयी जो न्याय आपण मागतो, तोच न्याय दुसऱ्याला दिला पाहिजे.

आन्जिरो आठ महिन्यांत एक भाषा शिकला आणि एक ग्रंथ पाठ केला. त्याच्यासारखी मेहनत करा. त्याच्या गाठीला स्वतःच्या धर्माचा ग्रंथ नव्हता. तो बाबासाहेबांनी तुमच्या हाती दिला आहे. तो घेऊन तुम्ही कोणत्याही कॉलेजच्या दारातून ताठ मानेने आत जा आणि ताठ मानेने बाहेर या.

आज ज्या विद्यार्थ्यांचा गौरव झाला त्यांचे मी मनापासून अभिनंदन करतो. 

नमो बुद्धाय! जय भीम! जय भारत!